लदिनीचा दुसरा सूर

मी पोर्तुगीज शिकलो ते रत्नागिरीत, एका शिंप्याच्या पडवीत. हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते. गोव्यात शिकलो असेन, निदान मुंबईला कॉलेजात, असा त्यांचा समज असतो. कॉलेजात मला त्या भाषेची नुसती ओढ लागली होती. आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी एकदा वर्गात सांगितलं, की आपल्या किनाऱ्याच्या कितीतरी हकिगती पोर्तुगीज दप्तरांत पडून आहेत. कोणत्या बंदरातून कोणतं गलबत निघालं, त्यावर तांडेल कोण होता, समुद्रात फिरायचा फिरंग्यांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, त्याच्याजवळ होता की नव्हता, सगळं लिहिलेलं आहे. "आणि तुमच्यापैकी कोणाला ते वाचता येत नाही," असं म्हणून त्यांनी खडू खाली ठेवला. ते माझ्याकडेच बघून बोलले असं मला वाटलं. खरं म्हणजे त्यांची नजर अधू होती.

आमचं गाव हातखंब्याच्या आत, डोंगराच्या कुशीत. वडील भात आणि नाचणी पिकवत. दोन्ही चुलते मुंबईला गिरणीत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. माझी फी माफ झाली, वसतिगृहात जागा मिळाली, कोणी जुनी पुस्तकं दिली, कोणी थंडीत कांबळं दिलं. त्या सगळ्यांचे उपकार मी अजून मोजतो. बी.ए. झालो आणि रत्नागिरीला शाळेत मास्तर म्हणून लागलो. हे एकोणीसशे अठ्ठावीस साल.

नोकरी लागली तेव्हा मला वाटलं होतं, आता आपण पोचलो. पण कुठे पोचलो ते कळेना. खाणावळीत माझं पान दाराजवळच्या कडेला असायचं. कोणी वाईट बोलत नसे, वाढपी तूपसुद्धा हात न आखडता वाढी, पण पंगतीतल्या गप्पा माझ्यापर्यंत येईतो संपलेल्या असत. आणि गावी गेलो की माझ्यासाठी चटई अंथरली जाई. पूर्वी मी सगळ्यांबरोबर सारवलेल्या जमिनीवर बसत असे. आता पडवीतली म्हातारी माणसं मी आलो की विड्या लपवत आणि कलेक्टर काय म्हणतो ते विचारत. कलेक्टर मी कधी पाहिलाही नव्हता.

शाळेत कोट लागे, म्हणून मी मांडवीकडच्या गल्लीतल्या त्या शिंप्याकडे गेलो. सगळे त्यांना मेस्त म्हणत. गोव्याकडच्या ख्रिस्ती लोकांत कारागिराला असं म्हणतात. तरुणपणी ते आगबोटीनं इकडे आले आणि वकिलांचे काळे कोट शिवता शिवता म्हातारे झाले. माझं माप घेताना ते आकडे पुटपुटत होते ते मराठीही नव्हते आणि इंग्रजीही. मी विचारलं, "ही पोर्तुगीज काय?"

"मग काय? आकडे आणि प्रार्थना शाळेत ज्या भाषेत शिकलो त्याच भाषेत येतात. हात वर कर."

"मला शिकवाल?"

त्यांनी फीत गळ्यात टाकली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोट शिवायचा की शाळा काढायची?"

त्यांच्या गावी चर्चच्या शाळेत एक मास्तर असायचा, त्यालाही मेस्तच म्हणत. तो मुलांना अक्षरं शिकवी आणि त्याच छडीनं सूरही शिकवी. सुरांची नावं म्हणता येईनात तोवर पोराला घरी सोडत नसत. त्यामुळे तिकडच्या शिंप्याला, सुताराला, खलाशालाही रबेक वाजवता येई. रबेक म्हणजे व्हायोलिन. मेस्तांचं रबेक कापडाच्या ठाणांमागे खुंटीवर टांगलेलं होतं.

दर गुरुवारी शाळा सुटल्यावर मी जाऊ लागलो. त्यांच्याकडे एक प्रार्थनेचं पुस्तक होतं आणि एक पोर्तुगालच्या इतिहासाचं, शाळकरी पोरांसाठी छापलेलं, पानं वाळवीनं खाल्लेली. ते यंत्र चालवत आणि मी मोठ्यानं वाचत असे. उच्चार चुकला की यंत्र थांबे. शिवणकामातले कितीतरी शब्द मी जन्मापासून पोर्तुगीज बोलत होतो हे मला तिथेच कळलं. इस्त्री, फीत, आणि बटणाचं काजसुद्धा. त्यांच्याकडे घराला आणि काजाला एकच शब्द आहे. "बटण राहतं कुठं? घरात," मेस्त म्हणाले आणि दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं.

एकदा आम्ही पोर्तुगालवर स्पेनचा राजा बसला त्या पानावर आलो. एकच राजा दोन्ही देशांवर साठ वर्षं. मी वाचून दाखवलं, तर मेस्तांचा पाय यंत्रावरून खाली आला.

"साठ वर्षं! कास्तिलवाल्यांनी साठ वर्षं आमच्या मानेवर..."

"पण मेस्त, तुम्ही लिस्बन कधी पाहिलंय?"

"नाही."

"आणि पोर्तुगीज तुमच्या मानेवर किती वर्षं आहेत?"

त्यांनी चष्मा काढला. मग हसले ते खोकला येईपर्यंत हसले. "तू गप वाच," ते म्हणाले. "मोठा आला बी.ए."

त्यांचा एकुलता एक मुलगा आफ्रिकेत, लोरेंसु मार्किशला रेल्वेत होता. तो पोर्तुगीजमध्ये लिही. पाचसहा महिन्यांनी मेस्तांनी परीक्षा म्हणून त्याचं पत्र माझ्या हातात दिलं. छापील पुस्तकाबाहेरचं मी वाचलेलं ते पहिलं पोर्तुगीज. इथे पाऊस फार झाला, मांस महाग आहे, पुढच्या वर्षी रजा मिळाली की येतो. मी न अडखळता वाचलं. मेस्त म्हणाले, "पास." मग पेटीतून त्यांनी आणखी तीन पत्रं काढून दिली. तिन्हींत पुढच्या वर्षी येतो असंच होतं. मी सगळी वाचली, आणि त्यांनी ती होती तशी घडी घालून परत ठेवली.

फीचं मी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी हात झटकला. नोव्हेंबरात, पाऊस पूर्ण सरल्यावर, त्यांनी आपणहून विषय काढला.

त्यांच्या घरी दर वर्षी डिसेंबरात, मारी मातेच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी लदीन असे. देव्हाऱ्यापुढे मेणबत्त्या लावून मातेची नावं लॅटिनमध्ये गायची आणि प्रत्येक नावाला सगळ्यांनी 'ओरा प्रो नोबीस', आमच्यासाठी प्रार्थना कर, असं म्हणायचं. पाद्री लागत नाही. गोव्यात घरोघरी असंच करतात. शेवटी जमलेल्यांना उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे वाटायचे. ती लदीन दोन सुरांत म्हणतात. एक जण मूळ चाल गातो, दुसरा तिच्या खालून तिच्याबरोबर चालतो. मेस्त पहिला सूर धरत आणि त्यांची बायको दुसरा. ती जाऊन सहा वर्षं झाली होती.

"इथं आमची माणसं किती? मी आणि तो पदेर." पदेर म्हणजे पाव भाजणारा, त्यांच्याच बाजूचा. "पदेराच्या गळ्यात नुसता पीठ चाळायचा आवाज. तू भजनं म्हणतोस ना गावात? परवा पडवीत बसून गुणगुणत होतास. सुरात होतास. यंदा दुसरा सूर तू धर. तीच माझी फी."

मी लगेच हो म्हणालो. किती महिन्यांत कोणी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मग रस्त्यानं जाताना मला भीती वाटू लागली.

त्याचं कारण पाव. आमच्या गावात फिरंगी कधी पोचला नव्हता, पण त्याची गोष्ट पोचली होती. त्यानं रात्री विहिरीत पाव टाकला, सकाळी गाव ते पाणी प्यालं, आणि पाणी प्यालेला माणूस बाटला, त्याला परत घरात घेतला नाही. ही हकीगत आमच्याकडे काल घडल्यासारखी सांगत. पाव घशाखाली गेला की माणूस संपला. मुंबईला निघताना आईनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, आणि चार वर्षं मी पावाला हात लावला नव्हता. पण त्या पावसाळ्यात मला ताप आला आणि खाणावळीपर्यंत चालवेना, तेव्हा मेस्तांनी चहात बुडवून दिलेला पाव मी खाल्ला. नंतर दर गुरुवारी खाऊ लागलो. त्यातच आमच्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलाकडची माणसं जुन्या वळणाची. भावानं पाव खाल्ला, वर फिरंग्यांचा देव गायला, असं त्यांच्या कानावर गेलं असतं तर ते उठून गेले असते.

मी मेस्तांना म्हटलं, "लदीन दार लावून म्हणूया का?"

"का?"

मी कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, टाके घालत राहिले.

"पुता, दार लावून म्हणायची ती चोरी. रस्त्यानं जाणारा आत येऊ शकला पाहिजे. येत कोणी नाही, ती गोष्ट वेगळी." मग म्हणाले, "तुला जमत नसेल तर नको. मी रागावणार नाही. गुरुवारी येत जा."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "दार उघडं असू दे."

पंधरा दिवस आम्ही तालीम केली. मी नावं एका वहीत देवनागरीत उतरवून घेतली. मला सूर सापडे, पण तो सरळ राहत नसे. प्रत्येक नोबीसच्या शेवटी माझा गळा आपोआप आमच्या भजनातली हरकत घेई. मेस्त रबेकाचा गज हवेतच थांबवत.

"हे काय शेपूट लावलंस?"

"आपोआप येतं."

"काढ ते. ती माझी बायको सरळ गायची. झाडलेल्या अंगणासारखी."

ती संध्याकाळ आली. मेस्तांनी स्वतः शिवलेला काळा कोट घातला होता, रबेक हाती घेतलं होतं. देव्हाऱ्यावर कागदाची फुलं आणि दोन मेणबत्त्या. पदेर आंघोळ करून, केसांना तेल लावून आला होता. दार सताड उघडं. आम्ही सुरू केलं, आणि पहिल्या चारपाच नावांतच मला कळलं की हे तालमीसारखं नाही. मेस्तांचा आवाज वरून चालला होता आणि माझा त्याच्या खालून, आणि दोन्हींच्या मधे कोणीतरी तिसरं उभं असावं तसं वाटत होतं. रत्नागिरीत आल्यापासून इतका वेळ मी कोणाच्या इतक्या जवळ नव्हतो.

अर्ध्यावर आलो असू. मी दाराकडे पाहिलं, तर पायरीखाली माझे वडील उभे होते. खांद्यावर तांदळाचं बोचकं, पायांवर गुडघ्यापर्यंत लाल धूळ.

माझा आवाज थांबला. मी थांबवला नाही, तो थांबला. मेस्तांनी वळून पाहिलं नाही. गाणं न तोडता त्यांनी रबेकावरची मूळ चाल सोडून दिली. तोंडानं पहिला सूर तसाच चालू ठेवून ते गजानं दुसरा वाजवू लागले. शेवटपर्यंत त्यांनी असं एकट्यानं नेलं. मी वही हातात धरून उभा राहिलो. पदेर मान खाली घालून नोबीस, नोबीस म्हणत होता.

संपल्यावर मी बाहेर आलो. मेस्तांनी आतून चण्यांचं पान माझ्या हाती दिलं, एक वडिलांकडे केलं. वडिलांनी हात जोडले, पान घेतलं नाही.

गल्लीच्या टोकापर्यंत वडील पुढे चालत राहिले. मग म्हणाले, "मदीच का सोडलंस?"

"तुमी दिसलात."

"मी दिसलो म्हनून? भजन मदीच सोडतात काय रे? तो म्हातारा येकटा पडला ना तितं."

वडील गावच्या भजनात चाळीस वर्षं टाळ धरत होते. खोलीवर आलो. शेजारच्या खोलीतले मास्तर दारातच उभे होते. एरवी ते मला फिरंगी म्हणून चिडवत, पण मनानं चांगले. "अहो, मीच ह्यांना पत्ता दिला," ते म्हणाले. "आमचे फिरंगी शिंप्याकडे गायला गेलेत, म्हटलं. चुकलं का माझं काही?"

"नाही," मी म्हणालो आणि दिवा लावला.

वडिलांनी बोचकं खाली ठेवलं. सोयरीक पक्की झाली, माघात लगीन, हे सांगायला ते आले होते. ते सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पाव खाल्लास?"

खोटं बोलता आलं असतं. "व्हय," मी म्हणालो.

"घशाखाली गेला?"

"गेला."

"मग?"

"मग काय नाय झालं, बाबा."

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, माझ्यात कुठे काही बदललंय का ते शोधत असल्यासारखे. "दिसतोस तर तसाच," ते म्हणाले. मी माठातून तांब्या भरून पुढे केला. त्यांनी तांब्याकडे पाहिलं.

"तहान नाय," ते म्हणाले.

हातखंब्यापलीकडून पायी आलेला माणूस. ओठ सुकून पांढरे पडले होते. त्यांनाही ते बोलून वाईट वाटलं असावं, कारण तांब्या त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि नीट माठाशेजारी ठेवला.

"मी काय म्हनत नाय तुला. तू शिकलास, तुला कळतं. पन ती सोयऱ्याकडची मानसं वायली, जुन्या वळनाची. लगीन होईस्तवर घरी येऊ नको. शाळेत काम हाय म्हनून सांगतो. तुज्या आवशीलापन तेच सांगतो." मग दारात थांबून म्हणाले, "तांदूळ नवे हायत. थोडं पानी जास्त घाल."

रात्रीपुरते ते बाजारातल्या एका गाववाल्याकडे गेले.

पुढच्या गुरुवारी मी मेस्तांकडे गेलो तेव्हा पुस्तक उघडून ठेवलेलं होतं. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी यंत्र जोरात चालवलं. थांबल्यावर म्हणाले, "तसं मी सहा वर्षं करतोय. रबेकाला तिचा सूर पाठ आहे." दोरा ओवत म्हणाले, "पण रबेक काय प्रार्थना करतं, पुता? ते लाकूड." मग बोटानं ओळ दाखवली, आणि मी वाचू लागलो.

माघात बहिणीचं लग्न झालं. त्या दिवशी शाळा होती. मी पाचवीला भूगोल शिकवला, इबेरियाचं द्वीपकल्प, नद्या आणि राजधान्या. हळदीच्या वेळी कोणता तास चालू होता ते मी मनात धरून ठेवलं होतं. संध्याकाळी भात केला, वडिलांनी आणलेल्या तांदळाचा. पुढे उन्हाळ्यात ते मला न्यायला आले, आई रडली, सगळं पूर्वीसारखं झालं. फक्त आमच्या घरी माझा पेला निराळा ठेवू लागले. मी त्यातूनच पीत असे.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात मेस्तांना मोठा ताप आला. त्यातून ते उठले ते अंगात काही न राहता. यंत्र झाकून ठेवलं. बोटांना गज पेलेना, आणि आवाज गेला तो गेलाच. ओठ हलत, नुसती हवा येई. मुलाचं पत्र आलं होतं. ते मी वाचून दाखवलं. त्यात काय होतं ते लिहीत नाही.

डिसेंबर आला. मी त्यांना म्हटलं, "लदीन म्हणायची. दार उघडं ठेवून."

त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला.

"मला माझा सूर येतो," मी म्हणालो.

त्यांची बाज देव्हाऱ्याच्या खोलीत आणली. पदेरानं मेणबत्त्या लावल्या, आणि मी नावं आणि ओरा प्रो नोबीस दोन्ही म्हणू लागलो, दुसऱ्या सुरात, कारण मला तेवढंच शिकवलेलं होतं. वरचा सूर नसताना ती चाल विचित्र लागत होती. चाल कशी आहे ते तिच्यावरून कळतच नव्हतं. एखाद्यानं दुसऱ्याशी चाललेल्या बोलण्यातलं आपलं तेवढंच बोलावं तसं. बंदरावरून परतणारे दोन तांडेल दारापाशी रेंगाळले.

"काय रे, कोण गेलं काय?" एकानं विचारलं.

"नाय रे, वाचतायत कायतरी," दुसरा म्हणाला, आणि ते गेले.

मेस्त डोळे मिटून पडले होते. त्यांचे ओठ हलत होते. ते काय म्हणतात ते ऐकू येत नव्हतं, पण छाती वर आली की नाव सुरू होतं आणि खाली गेली की नोबीस संपतं हे मला कळलं. तेव्हापासून मी वहीकडे न बघता त्यांच्या छातीकडे बघून गाऊ लागलो. मग मात्र चूक होईना. वेगही त्यांचाच आला, सावकाश.

शेवटाकडे आलो. शेवटची नावं मला नीट पाठ नव्हती, त्यामुळे पुन्हा वहीत पाहू लागलो. मेणबत्तीच्या उजेडात ओळी नीट दिसत नव्हत्या. मी शेवटचा नोबीस म्हटला आणि वही मिटली. पदेर चण्यांचं भांडं आणायला उठला.

मेस्तांनी डोळे उघडले आणि एक बोट वर केलं.

मला वाटलं पाणी हवं. मी वाकलो. त्यांनी मान हलवली, आणि ते बोट तसंच धरून ठेवलं. मग माझ्या लक्षात आलं. मी एक नाव गाळलं होतं.

पदेर भांडं घेऊन दारात थांबला. मी वही उघडली, राहिलेलं नाव शोधलं, आणि मेस्तांची छाती वर येईपर्यंत थांबलो.